अस्वलांच्या मुलखांतील शिकारी

आपल्याकडील मध्यम वर्गाच्या घरांत अस्वल हा प्राणी पिढ्यान्‌पिढ्या ओळखीचा झाला तो दरवेशाच्या दोरीमुळें. वेसण घातलेलें, डमरूच्या तालावर मागील पायांवर उभें राहणारें तें केसाळ जनावर पाहून मुलें आईच्या पदराआड लपत. आणि आई दरवेशाला चार पैसे देऊन त्याच अस्वलाचा केस मागून घेई व तो ताइतांत घालून मुलाच्या गळ्यांत बांधी. हेतु हा कीं, मुलानें पुढें कशासहि भिऊं नये. दरवेशांचा हा धंदा कायद्यानें बंद झाला आणि सन २००९ च्या सुमारास तो आपल्या देशांतून जवळजवळ नाहींसा झाला, हें योग्यच झालें. परंतु त्या ताइतामागील कल्पना विचार करण्यासारखी आहे. भय घालविलें कीं मनुष्य सुरक्षित झाला, असें ती गृहीत धरते. हें गृहीत खरें आहे काय? जेथें अस्वल दोरीला बांधलेलें नसतें तेथें निर्भय मनुष्य अधिक सुरक्षित असतो कीं भिणारा? या प्रश्नाचें उत्तर इतिहासांत शोधावयाचें तर उत्तर अमेरिकेंतील मिसूरी नदीच्या खोऱ्याइतकें चांगलें स्थळ आम्हांस दुसरें दिसत नाहीं. सन १८०५ मध्यें बंदुका बाळगणारी एक तुकडी तेथें ग्रिझली अस्वलांच्या मुलखांत शिरली, आणि जें घडलें त्याचा दिनांकवार वृत्तांत त्या लोकांनीं स्वतःच लिहून ठेविला.

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांनीं १८०३ सालीं फ्रान्सकडून लुइझियाना नांवाचा अफाट प्रदेश विकत घेतला. त्याची पाहणी करून पॅसिफिक महासागरापर्यंत वाट शोधण्यासाठीं अध्यक्ष थॉमस जेफरसन यांनीं मेरिवेदर लुइस याची नेमणूक केली, आणि लुइसनें आपला मित्र विल्यम क्लार्क यास बरोबरीचा नायक म्हणून सोबत घेतलें. ता. १४ मे १८०४ रोजीं ही मंडळी निघाली व प्रवाहाविरुद्ध नौका वल्हवीत, प्रसंगीं दोरांनीं ओढीत, हिवाळ्याच्या तोंडीं आजच्या उत्तर डकोटा संस्थानांतील मँडन लोकांच्या गांवांजवळ पोंचली. तेथें हिवाळा काढून १८०५ च्या एप्रिलांत जी तुकडी पश्चिमेकडे निघाली तींत ३३ जीव होते. त्यांत सकागविया ही शोशोनी जमातीची तरुणी व तिचें दोन महिन्यांचें मूलहि होतें. या मंडळीस शिकार हा षोक नव्हता, ती त्यांची रोजची भाकर होती. एवढ्या माणसांच्या पोटास रोज ताजें मांस लागे, आणि तें आणण्यासाठीं शिकाऱ्यांस नदीकांठच्या दाट झुडुपांतून रोज हिंडावें लागे. भय वाटलें म्हणून तंबूंत बसून राहणें, हा मार्ग त्यांना मोकळाच नव्हता. म्हणूनच त्यांच्या अनुभवास आम्ही षोकी शिकाऱ्यांच्या बढायांहून अधिक मोल देतों.

हिवाळ्यांत शेजारच्या मँडन व हिदात्सा लोकांनीं त्यांना पुढील मुलखाविषयीं पुष्कळ माहिती दिली, त्यांत एका मोठ्या फिकट रंगाच्या अस्वलाविषयींहि सांगितलें. हें अस्वल मनुष्य दिसतांच पळत नाहीं, उलट बहुधा अंगावर येतें. त्याच्यावर सहा, आठ किंवा दहा जण मिळूनच जावें लागतें, आणि तरीहि कित्येकदां एकदोघे प्राणांस मुकतात. त्याच्या शिकारीस निघण्यापूर्वीं आम्ही अंगास रंग लावून शेजारच्या जमातीशीं युद्धास जातांना करावयाचे सर्व विधि करतों, असें त्यांचें सांगणें होतें. लुइसनें ता. १३ एप्रिलच्या टिपणांत हें सर्व नोंदविलें आहे, पण त्या विधींना त्यानें भोळ्या समजुतींच्या सदरांत टाकिलें. त्याचा हा अभिप्राय शिकलेल्या माणसास सहज पटण्यासारखा आहे. तथापि विधीचें बाह्य रूप बाजूस ठेवून त्याचें कार्य पाहिलें तर निराळेंच दिसतें. ज्या शिकारीला युद्धाचे संस्कार लागतात तिला कोणी एकटा, सहज, हौस आली म्हणून उठून जाऊं शकत नाहीं. माणसें जमवावीं लागतात, दिवस ठरवावा लागतो, कोण पुढें कोण मागें हें बोलावें लागतें, आणि कदाचित् आपण परत येणार नाहीं हें निघण्यापूर्वींच मनाशीं कबूल करावें लागतें. अंगावरील रंगानें अस्वलाचा पंजा अडत नाहीं हें त्या लोकांसहि ठाऊक असलेंच पाहिजे. पण तो रंग लावीपर्यंत मनुष्य शुद्धीवर येतो, हा उपयोग कांहीं थोडा नव्हे.

गोऱ्या शिकाऱ्यांचा भरंवसा मात्र बंदुकीवर होता. ता. २९ एप्रिल रोजीं यलोस्टोन नदीच्या संगमापलीकडे लुइस एका सोबत्यासह कांठानें चालला असतां दोन अस्वलें भेटलीं. दोघांनीं गोळ्या झाडल्या; एक जखमी होऊन निसटलें, दुसरें सत्तर-ऐंशीं यार्ड लुइसच्या मागें धांवलें. परंतु त्याची जखम इतकी भारी होती कीं, त्यास पुन्हा बार भरण्यास अवकाश मिळाला व तें मारलें गेलें. जनावर पुरें वाढलेलें नव्हतें. त्याचें वजन अदमासें ३०० पौंड भरेल असें त्यानें लिहिलें आहे. या एका अनुभवावरून त्यानें निष्कर्ष काढिला तो असा कीं, धनुष्यबाण व जुनाट बंदुका वापरणाऱ्या लोकांनीं या प्राण्यास भ्यावें हें ठीकच आहे, पण कुशल बंदूकधाऱ्यास तो तितकासा भयंकर नाहीं.

हा निष्कर्ष बारा दिवससुद्धां टिकला नाहीं. ता. ५ मे रोजीं क्लार्क व तुकडींतील उत्तम शिकारी द्रुयार यांनीं एक प्रचंड अस्वल मारलें. त्यास दहा गोळ्या लागल्या, पैकीं पांच फुप्फुसांतून आरपार गेल्या. तरी तें अर्ध्याहून अधिक नदी पोहून वाळूच्या एका दांड्यावर गेलें व तेथें मरण्यास त्यास वीस मिनिटें लागलीं. नाकापासून मागील पावलांपर्यंत त्याची लांबी ८ फूट ७॥ इंच भरली. दुसऱ्याच दिवशीं लुइसनें लिहिलें आहे कीं, या प्राण्याविषयीं आमच्या मंडळींचें कुतूहल आतां बऱ्यापैकीं शमलें आहे. या वाक्यांतील विनोद वाचकांच्या ध्यानांत येईलच. ता. ११ रोजीं ब्रॅटन नांवाचा शिपाई, हाताला गळूं झाल्यामुळें वल्हें मारतां येईना म्हणून कांठानें चालला होता, तो संध्याकाळीं ओरडत धांवत आला. नौकेंत घेतल्यावर कांहीं वेळ त्याच्या तोंडून शब्द फुटेना. त्यानें एका अस्वलास गोळी घातली होती व तें त्याच्या मागें लागलें होतें. लुइस सात जणांस घेऊन रक्ताच्या मागावर गेला तेव्हां असें दिसलें कीं, फुप्फुसांतून गोळी गेलेली असतां त्या जनावरानें ब्रॅटनचा अर्धा मैल पाठलाग केला, मग त्याच्या दुपटीहून अधिक अंतर परत जाऊन झुडुपांत जमीन खणून तें बसलें, आणि दोन तासांनंतरहि तें जिवंत होतें. त्या रात्रीं लुइसनें प्रामाणिकपणें कबूल केलें कीं, या प्राण्याच्या चिवटपणाचा आम्हां सर्वांस धाक बसला आहे, आणि एका अस्वलापेक्षां दोन शत्रूंशीं लढणें मी पत्करीन.

तिसऱ्या प्रसंगानें तर संख्याबळाचाहि गर्व उतरविला. ता. १४ मे रोजीं सहा शिकारी, सगळे कसलेले, उघड्या जागेंत पडलेल्या एका अस्वलावर टेकाडाच्या आडोशानें चालून गेले व नकळत चाळीस पावलांवर पोंचले. त्यांची योजना चांगली होती. चौघांनीं एकदम बार काढावयाचे आणि दोघांनीं आपले बार राखून ठेवावयाचे. चारहि गोळ्या लागल्या, दोन फुप्फुसांतून गेल्या. तरी अस्वल जबडा पसरून धांवलें. राखीव दोघांनीं गोळ्या घातल्या. एकीनें खांदा मोडला, पण त्यामुळें त्याची धांव क्षणभरच मंदावली. मग फांकाफांक झाली. दोघे होडीकडे पळाले, बाकीचे वाळुंजांच्या झुडुपांत लपून पुन्हा बार ठासूं लागले, आणि जो बार काढी त्याच्या दिशेनें तें जनावर वळे. अखेर दोघांनीं बंदुका व दारूच्या पिशव्या फेंकून देऊन वीस फूट उंचीच्या सरळ कड्यावरून नदींत उड्या घेतल्या. मागोमाग अस्वलानेंहि उडी घेतली. तें एकापासून कांहीं फुटांवर आलें असतां कांठावरील एका सोबत्यानें त्याच्या डोक्यांत गोळी घातली. कलेवर ओढून पाहिलें तेव्हां आठ गोळ्या त्याच्या अंगांतून वेगवेगळ्या दिशांनीं गेलेल्या आढळल्या.

असें कां व्हावें, हें समजण्यास त्या काळच्या बंदुकीची रीति ध्यानांत घेतली पाहिजे. ती ठासणीची बंदूक. नळींत दारू ओतावयाची, चिंधींत गुंडाळलेली गोळी गजानें ठासावयाची, कानाजवळच्या खळग्यांत बारीक दारू घालावयाची, आणि मग चाप ओढून गारेची ठिणगी पाडावयाची. सराईत हातासहि याला अर्धें मिनिट लागे. ग्रिझली अस्वल चाळीस पावलांचें अंतर दोनतीन क्षणांत तोडतें. म्हणजे पहिल्या बारानंतर शिकाऱ्याच्या हातीं उरे ती केवळ एक जड काठी. बंदुकीनें अस्वल मरत नसे असें नाहीं. मरे, पण तत्काळ मरत नसे, आणि मधल्या त्या थोड्या वेळांतच शिकाऱ्याच्या प्राणाचा निकाल लागे. हत्यार मारण्यास समर्थ असणें आणि तें आपणांस वांचविण्यास समर्थ असणें या दोन भिन्न गोष्टी आहेत, हा धडा मिसूरीच्या कांठीं त्या मंडळीस पुन्हा पुन्हा मिळाला.

सर्वांत उद्‌बोधक प्रसंग ता. १४ जूनचा. मिसूरीच्या मोठ्या धबधब्यांजवळ लुइस एकटाच पुढें गेला होता. त्यानें एक पुष्ट बायसन मारला व तो पडण्याची वाट पाहत उभा राहिला. त्या नादांत पुन्हा बार भरावयाचें राहून गेलें. मागें पाहतो तों अस्वल वीस पावलांवर! त्यानें बंदूक उचलली आणि त्याच क्षणीं ती रिकामी असल्याचें त्याच्या ध्यानांत आलें. सपाट माळ, आसपास झुडूप नाहीं, जवळचें झाड तीनशे यार्डांवर. तो झपाट्यानें चालूं लागला तसें अस्वल धांवलें. ऐंशीं यार्ड पळून तो नदींत कंबरभर पाण्यांत शिरला. विचार असा कीं, आपण उभे राहूं शकूं पण अस्वलास पोहावें लागेल. तेथें वळून त्यानें हातांतील भाल्यासारखें शस्त्र रोंखलें. अस्वल कांठाशीं वीस फुटांवर येऊन थबकलें, एकाएकी वळलें, आणि जितक्या वेगानें आलें तितक्याच वेगानें पळून गेलें. असें कां झालें, याचें लुइसला मोठें गूढ वाटलें. आजचे अभ्यासक सांगतात कीं, ग्रिझलीच्या पुष्कळशा धांवा धाकदपटशाच्या असतात, पळणाऱ्याचा पाठलाग करण्याची त्यास उपजत खोड असते, आणि तोंड देऊन स्थिर उभ्या राहिलेल्या माणसापुढें तें बहुधा पाय मागें घेतें. तेव्हां लुइसला पळण्यानें नव्हे तर वळून उभें राहण्यानें तारिलें असावें, असा तर्क करण्यास हरकत नाहीं. परंतु आमच्या विषयाच्या दृष्टीनें महत्त्वाचें आहे तें त्यानें पुढें केलेलें. त्यानें प्रथम बंदुकींत बार भरला, आणि यापुढें आपली बंदूक क्षणभरहि रिकामी ठेवावयाची नाहीं असा नियम स्वतःस घालून घेतला.

येथून पुढें त्या तुकडीचें वर्तन बदललेलें दिसतें. धबधब्यांच्या वरच्या अंगास नदींत कांहीं बेटें होतीं, तेथें अस्वलांचा इतका सुळसुळाट होता कीं, त्यांस शुभ्र अस्वलांचीं बेटें असेंच नांव पडलें. रात्रीं अस्वलें तळाभोंवतीं घिरट्या घालीत, बायसनाच्या चरबीच्या वासानें जवळ येत. लुइसनें ठरविलें कीं, झुडुपांतून जावयाचें असेल तर किरकोळ कामासहि कोणी एकट्यानें जावयाचें नाहीं. माणसांनीं निजतांना शस्त्रें उशाशीं ठेवावयाचीं. त्याचा सीमन नांवाचा मोठा काळा कुत्रा रात्रभर तळाभोंवतीं फिरे व अस्वलाची चाहूल लागतांच भुंकून सर्वांस जागें करी. पुढील वर्षीं परतींत, ता. १५ जुलै १८०६ रोजीं, याच ठिकाणीं मॅक्नील हा शिपाई घोड्यावरून एका अस्वलाजवळ अनवधानानें पोंचला. घोडा बुजून वळला व स्वार नेमका अस्वलाच्या पुढ्यांत पडला. त्यानें बंदुकीचा तडाखा अस्वलाच्या डोक्यांत इतक्या जोरानें हाणला कीं, बंदूकच मोडली. अस्वल गोंधळलें तेवढ्यांत तो वाळुंजाच्या झाडावर चढला, आणि तें कंटाळून निघून जाईपर्यंत तेथेंच बसून राहिला. एवढे प्रसंग होऊनहि त्या संबंध प्रवासांत अस्वलाच्या हातून एकहि मनुष्य मेला नाहीं. तुकडींतील एकमेव मृत्यु आजारानें झाला, आणि तोहि ग्रिझलींच्या मुलखांत शिरण्यापूर्वीं. यांत नशिबाचा भाग मोठा होता हें खरें. पण जूननंतर ज्या नियमांनीं ती मंडळी वागली ते नियम पाहिले म्हणजे एक मौज दिसते. एकट्यानें जाऊं नये, सज्ज असल्यावांचून निघूं नये, पहारा ठेवावा. मँडन लोकांनीं हिवाळ्यांत सांगितलें होतें तें याहून फारसें निराळें नव्हतें. फरक इतकाच कीं, तेथें त्याला विधीचें रूप होतें आणि येथें हुकुमाचें.

शास्त्रज्ञ जॉर्ज ऑर्ड यानें १८१५ सालीं या प्राण्यास लॅटिन नांव दिलें, त्याचा अर्थच मुळीं ‘भयंकर अस्वल’ असा आहे. नांवानें भय पसरलें, पण नियम पसरले नाहींत. कातड्यांच्या व्यापारासाठीं पुढें जे लोक त्या मुलखांत गेले त्यांतील ह्यू ग्लास याची कथा सर्वांत प्रसिद्ध आहे. १८२३ च्या उन्हाळ्याच्या अखेरीस, आजच्या दक्षिण डकोटांतील ग्रँड नदीच्या कांठीं, तो शिकारीसाठीं टोळीच्या पुढें गेला असतां झुडुपांत पिलांसह असलेल्या एका अस्वलिणीवर अचानक जाऊन आदळला. तिनें त्यास फाडून काढिलें. सोबत्यांनीं तिला मारलें; पण ग्लास वांचत नाहीं असें पाहून टोळीच्या नायकानें दोघांस त्याच्यापाशीं ठेविलें व बाकीचे पुढें गेले. त्या दोघांनीं, शत्रूच्या टोळ्यांच्या भीतीनें, तो जिवंत असतांच त्यास सोडून दिलें आणि त्याची बंदूकहि नेली. ग्लास शुद्धीवर आला, व सरपटत, मुळें व कुजकें मांस खात, दोनशे मैलांहून अधिक अंतर तोडून एका ठाण्यावर पोंचला. ही कथा १८२५ सालीं फिलाडेल्फियाच्या एका वाङ्‌मयीन मासिकांत प्रथम छापली गेली आणि तेव्हांपासून ती पुष्कळ फुगलीहि आहे. तथापि तिच्यांतील गाभा आमच्या विषयास पोषक आहे. अस्वलाच्या भयापुढें सोबती टिकले. माणसांच्या भयापुढें टिकले नाहींत. जें भय माणसांस एकत्र बांधतें तें त्यांचें रक्षण करतें, आणि जें भय प्रत्येकास एकटें पाडतें तें अस्वलाहूनहि घातक ठरतें.

येथें एक आक्षेप येईल. भय जवळ बाळगावें असें सांगणें म्हणजे भित्रेपणाची तरफदारी नव्हे काय? या आक्षेपाच्या बाजूनें मोठा साक्षीदार आहे तो थिओडोर रूझवेल्ट. त्यानें १८८४ सालीं बिगहॉर्न पर्वतांत ग्रिझलींची शिकार केली होती. १९१३ च्या आत्मचरित्रांत तो सांगतो कीं, आरंभीं आपणांस ग्रिझलीपासून खट्याळ घोड्यांपर्यंत अनेक गोष्टींचें भय वाटे; पण भय वाटत नसल्यासारखें वागत गेल्यानें हळूहळू तें खरोखरच वाटेनासें झालें. मनाच्या व्यायामाची ही युक्ति चांगली आहे, आणि भीतीनें ज्याचे हात कांपतात त्याची बंदूक निरुपयोगी हेंहि खरें. पण रूझवेल्टच्या हातीं अनेक बारांची रायफल होती, आणि भय न वाटणें हें त्याच्या मतें चारित्र्याचें शिक्षण होतें, सुरक्षिततेचें नव्हे. लुइस नदींत वळून उभा राहिला तें धैर्य; त्यानंतर त्यानें बार भरण्याचा नियम केला तें शहाणपण. पहिल्यानें तो त्या दिवशीं वांचला, दुसऱ्यानें पुढचे सर्व दिवस. भित्रेपणा म्हणजे भय वाटणें नव्हे. भय वाटत असतां त्यापासून कांहींच न शिकणें, हा भित्रेपणा.

अनेक बारांची रायफल आली तेव्हां अमेरिकेनें भयाचा तिसरा उपाय योजिला, तो म्हणजे भयाचें कारणच नष्ट करण्याचा. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत गोळी, सांपळा व विष या तिहींनीं ग्रिझलींचा संहार झाला. कॅनडा व अलास्का वगळतां, अमेरिकेंत १८०० च्या सुमारास त्यांची संख्या ५०,००० च्या आसपास होती असा अंदाज आहे. १९७५ सालीं ती हजाराच्याहि खालीं आली होती, व त्या वर्षीं कायद्यानें त्यांस संरक्षण द्यावें लागलें. कॅलिफोर्निया संस्थानानें १९११ सालीं ग्रिझलीचें चित्र आपल्या ध्वजावर अधिकृतपणें घेतलें; आणि १९२४ नंतर त्या संस्थानांत जिवंत ग्रिझली दिसल्याची खात्रीची नोंद नाहीं. म्हणजे जें ध्वजावर चढलें तें रानांतून उतरलें. या उपायानें सुरक्षितता तरी पुरी आली काय? कोलोराडोंत ग्रिझली उरलेंच नाहीं असें सर्वांनीं गृहीत धरलें असतां, १९७९ सालीं धनुष्यबाणानें शिकार करणाऱ्यांच्या एका वाटाड्यावर वृद्ध अस्वलिणीनें हल्ला केला. त्यानें हातांत धरलेल्या बाणानें भोंसकून तिला मारलें व तो थोडक्यांत वांचला. भयाचें कारण संपलें असें मानल्यानें माणसें सावधगिरी सोडतात, एवढें मात्र तेथें दिसून आलें.

संरक्षणानंतर यलोस्टोनच्या भोंवतालीं व उत्तरेकडील पर्वतांत अस्वलें वाढलीं. आज तीं सुमारें दोन हजार आहेत. त्याच रानांत शरद ऋतूंत एल्क नांवाच्या मोठ्या हरणांच्या शिकारीस दरवर्षीं माणसें जातात, आणि येथें शिकाऱ्याची अडचण मोठी विलक्षण आहे. सामान्य प्रवाशास सांगतात कीं, मोठ्यानें बोलत चला, टाळ्या वाजवा, उन्हें वर आल्यावर निघा, वारा पाठीवर असूं द्या, म्हणजे अस्वल आधींच सावध होऊन वाट सोडील. कारण बहुतेक हल्ले अस्वल अचानक जवळ सांपडल्यामुळें होतात. शिकाऱ्यास याच्या अगदीं उलट वागावें लागतें. तो पहांटे व तिन्हीसांजेस हिंडतो, पाऊल वाजूं देत नाहीं, वारा तोंडावर घेतो, दाट झाडींत शिरतो, आणि एल्कचा आवाज काढून एल्कला बोलावतो. तो ऐकून अस्वलहि येऊं शकतें. शिकार साधली कीं तो ओणवा होऊन ताज्या रक्तांत हात घालतो, आणि हिवाळी झोंपेपूर्वीं दिवसभर खातच सुटलेल्या अस्वलास त्या कोथळ्याचा वास मैलांवरून येतो. शिकाऱ्याचें यश ज्या गुणांवर अवलंबून, त्याच गुणांत त्याचा धोका. हा विरोध कोणत्याहि हत्यारानें मिटत नाहीं. तो नियमांनीं सांवरावा लागतो. दोघांनीं जावें, एक मांस कापीत असतां दुसऱ्यानें पहारा करावा, कोथळा मांसापासून दूर ओढून ठेवावा, मांस त्याच दिवशीं हलवावें, तें मागें ठेवणें भागच पडलें तर दुरून दिसेल अशा उघड्या जागीं ठेवावें, आणि परत येतांना दुरूनच ओरडत यावें, अस्वलानें त्यावर ताबा घेतला असेल तर तें त्याचें समजून निघून जावें. हे नियम वाचतांना लुइसच्या जूनमधील टिपणांची आठवण झाल्यावांचून राहत नाहीं.

हत्यारांत मात्र एक नवीन भर पडली, आणि ती आमच्या वाचकांस गमतीची वाटेल. १९८० च्या दशकांत मिरचीच्या तिखट सत्त्वाचा फवारा अस्वलांवर वापरून पाहण्यांत आला. डब्याचा खटका दाबला कीं पंचवीस-तीस फुटांपर्यंत तिखटाचा ढग पसरतो; अस्वलाचे डोळे व नाक झोंबून तें बहुधा माघार घेतें, आणि कांहीं वेळानें बरेंहि होतें. अलास्कांतील १९८५ ते २००६ या काळांतल्या ८३ प्रसंगांचा अभ्यास टॉम स्मिथ, स्टीफन हेरेरो प्रभृतींनीं २००८ सालीं प्रसिद्ध केला. त्यांत तपकिरी अस्वलांच्या बाबतींत फवारा शेंकडा ९२ वेळां उपयोगी पडला. त्याच अभ्यासकांनीं २०१२ सालीं १८८३ ते २००९ पर्यंतचे बंदुकीचे २६९ प्रसंग तपासले. तेव्हां ज्यांनीं बंदूक झाडली आणि ज्यांच्याजवळ ती असून झाडली गेली नाहीं, त्यांना झालेल्या इजांत लक्षणीय फरक आढळला नाहीं. दोन्ही अभ्यासांतील प्रसंग एकाच जातीचे नसल्यानें एकास दुसऱ्याच्या पारड्यांत टाकून तोलणें बरोबर होणार नाहीं. फवाराहि पिशवीच्या तळाशीं असेल तर फुकट. तो कमरेला, हाताशीं असावा लागतो. परंतु बंदूक जवळ आहे म्हणजे आपण सुरक्षित आहों, या जुन्या समजुतीस या आंकड्यांनीं मोठा धक्का दिला यांत संशय नाहीं.

आपल्या महाराष्ट्रांत १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें अस्वलास अभय दिलें असून त्याच्या शिकारीचा प्रश्नच उरलेला नाहीं. पण अस्वलांचा मुलूख येथेंहि आहे. मेळघाट, चंद्रपूर, गडचिरोली व बुलढाण्याच्या रानांतून चैत्रांत मोहाचीं फुलें वेंचण्यास जाणाऱ्या बायामाणसांची स्थिति त्या शिकाऱ्याहून फार निराळी नाहीं. फुलें पहांटे गळतात, म्हणून पहांटेच जावें लागतें. तीं अस्वलासहि प्रिय. आणि खालीं वांकून वेंचणाऱ्यास झुडुपामागचें जनावर दिसत नाहीं. आपलें अस्वल ग्रिझलीहून लहान, पण वाघाच्या शेजारीं वाढलेलें, म्हणून दचकलें कीं पळण्यापेक्षां अंगावर येण्याकडेच त्याचा कल अधिक. त्या माणसांजवळ बंदूक नाहीं, फवारा नाहीं. घोळक्यानें जाणें, मोठमोठ्यानें बोलणें, हातांत काठी ठेवणें, एवढेंच आहे. पोटासाठीं रोज भयाच्या जागीं जाणें ज्यांस भाग आहे, त्यांनीं भयाचा असा व्यवहारी उपयोग करून घेतला आहे, आणि शहरांतल्या आम्हां सुरक्षित माणसांनीं त्यास अडाणीपणा म्हणण्यापूर्वीं लुइसचीं टिपणें वाचावींत.

तेव्हां आरंभींच्या प्रश्नाचें उत्तर असें दिसतें. भय नाहींसें करण्याचे तीन मार्ग माणसानें अस्वलांच्या मुलखांत योजून पाहिले. हत्याराच्या भरंवशावर तें विसरण्याचा पहिला मार्ग मिसूरीच्या कांठीं बारा दिवसांत फसला. मनोबलानें तें जिंकण्याचा दुसरा मार्ग मनाला बळ देतो, पण पाठीमागें येणाऱ्या जनावराची वर्दी देत नाहीं. भयाचा विषयच मारून टाकण्याच्या तिसऱ्या मार्गानें रानें ओस पडलीं. टिकला तो चौथा, भय राखून त्याचे नियम करण्याचा. हा मार्ग मँडनांनीं विधींत गुंफला, लुइसनें हुकुमांत लिहिला, आजचे शिकारी तो पाठ करतात, आणि मोह वेंचणाऱ्या बाया तो कोणी न सांगतां पाळतात. त्यांत पराक्रमाची शोभा नाहीं, म्हणून कथा-कादंबऱ्यांत त्यास फारसें स्थान मिळत नाहीं. मुलांना निर्भय करण्याची आईबापांची इच्छा स्वाभाविक आहे. तिच्या जोडीस भय कशाचें, किती आणि तें वाटल्यावर प्रथम काय करावयाचें, हेंहि घरोघर शिकविलें जावें, असें आम्हांस वाटतें.